अण्णा, तुझं झोपलेलं कुत्रं

अण्णा, आधीच माफी मागते. अक्षराला हसू नकोस. कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून चालली, असं तू म्हणायचास, ते अजून तसंच आहे. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला नीट कळत नाही; हात जिथे लांबला तिथे दीर्घ दिलं आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईकडून होतं तेवढं. आणि चौथीपर्यंतच का, हा तर तुझा-माझा जुना वाद. म्हणजे ही माफी मी तुझी मागायची की तू माझी, तेही अजून ठरलेलं नाही.

दुपार आहे. हे दुकानात गेलेत, मुलगा आणि सून कामावर. कुकर उतरवून ओट्यावरच लिहायला बसले आहे. कोणी आलं तर पीठ चाळायला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली कागद सरकवीन. तू गेलास तेव्हा आनेकलला तुझ्या घरी सगळे मोठ्याने रडत होते आणि मी कोपऱ्यात नुसती बसून होते. लोक म्हणाले, इंदू पहिल्यापासून लाजाळू, तिचं रडणंही आतल्या आत. तसं नव्हतं. मला रडू यायचं आणि मधेच संशय यायचा, आणि संशय आला की रडू आपोआप थांबतं. ज्याच्यासाठी रडायचं त्याच्यावरच संशय असेल तर काय करावं, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

संशय एकच. त्या दिवशी तू शाळेत गेला होतास की नाही.

आठवून बघ. चामराजपेटेत आपल्या लोकांची मराठी शाळा होती ती चौथीपर्यंतच. पुढे शिकायचं तर मोठ्या रस्त्यापलीकडच्या कन्नड शाळेत जावं लागायचं. मास्तर दुकानात येऊन बाबांना म्हणाले होते, इंदूला पुढे घाला, मुलगी हुशार आहे. मी पडद्याआड उभी राहून ऐकलं. माझ्याबद्दल कोणी चांगलं बोललेलं माझ्या कानांनी ऐकलं ते तेवढंच, म्हणून अजून लक्षात आहे. बाबा शिलाईचं मशीन चालवत राहिले. मग आई मागे लागली. तिने जेवताना, झोपताना तोच विषय काढून शेवटी त्यांना हो म्हणायला लावलं. बाबांनी तिच्यासमोर गल्ल्यातून फीचे पैसे काढले, तुझ्या खिशात घातले आणि तुला पाठवलं. तू दहावीची एसएसएलसी झालेला, शाळेतल्या लोकांशी बोलू शकणारा घरात तूच.

मी खिडकीतून बघत होते. तू कोपऱ्यापर्यंत पोचलास, तेवढ्यात बाबा गळ्यात टेप तशीच ठेवून दुकानाबाहेर आले. तुला हाक मारली, भराभर चालत गेले, तुझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलले. जपून जा, रस्ता बघून ओलांड, असं असणार. मला ते फार आवडलं होतं. गिऱ्हाईक सोडून बाबा माझ्या शाळेसाठी कोपऱ्यापर्यंत गेले, हे मी आईलाही सांगितलं.

संध्याकाळी तू आलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "जागा भरल्या."

मी विश्वास ठेवला. पुढच्याच आठवड्यात शेजारची कमळी नवीन दप्तर घेऊन त्याच शाळेत जायला लागली. कमळी, जिचा सातचा पाढा निम्म्यावर अडायचा. मी तिला विचारलं, "तुला कशी जागा मिळाली गं?"

"कशी म्हणजे? गेलो, फी भरली, बाकावर बसवलं."

तेव्हापासून मी संशयी झाले. आधी तुझ्याबद्दल, मग हळूहळू सगळ्यांबद्दल. दुधातलं पाणी, रिक्षाचं मीटर, तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला चिंचेचा गोळा, सगळं मला दिसतं. हे म्हणतात, "हिला देवाने डोळे चार दिलेत, तोंड मात्र अर्धंच." खरं आहे. दिसतं, पण विचारवत नाही.

तुला पहिल्यांदा विचारलं ते माझं लग्न ठरल्यावर. तू तेव्हा आनेकलच्या कारखान्यात टायपिस्ट होतास, शनिवारी घरी यायचास. मी तुझ्याकडे पाठ करून चपात्या लाटत होते. पाठ केल्याशिवाय मला असलं काही विचारता येत नाही.

"अण्णा, कमळीला जागा होती, मग मला कशी नव्हती?"

मागे तू ताट सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणालास, "लेट स्लीपिंग डॉग्ज लाय."

"म्हणजे काय?"

"झोपलेल्या कुत्र्याला झोपू द्यावं. इंग्रजीतली म्हण आहे. टायपिंगच्या क्लासात शिकवली होती."

"आणि उठवलं तर?"

"तर चावतं. आणि ज्याने उठवलं त्यालाच चावेल असं काही नाही."

पुढे ती म्हण तू सगळीकडे वापरायला लागलास. दुकानाच्या वाटण्या झाल्या तेव्हा काका विचारत होते की आजोबांची पितळी मुठीची कात्री कोणी नेली. तू खुर्चीत सरळ बसून म्हणालास, "काका, लेट स्लीपिंग डॉग्ज लाय." काका गप्प. काकूही गप्प. आपल्या घरात इंग्रजी कोणाला येत नव्हतं, म्हणून तुझं ते वाक्य कुलपासारखं चालायचं. वाद मराठीत घालता येतो, कन्नडमध्ये तर फारच छान घालता येतो. इंग्रजीत कोणी काही म्हटलं की आपली माणसं समजतात, निकाल लागला.

मी मात्र तुझ्या त्या म्हणीवर विचार करत बसायची. भांडी घासताना, तांदूळ निवडताना. आपल्यातही तशा म्हणी आहेतच. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण तिथे ज्याची मूठ त्याचीच अब्रू, दुसऱ्याला काही इजा नाही. जुनी मढी उकरू नयेत म्हणतात, पण मढं काही चावत नाही. वहिनी कन्नडमध्ये म्हणते, "होगली बिडु." जाऊ दे, सोडून दे. त्यात कुत्रंच नाही. सोडलं की संपलं. तुझी म्हण तशी नाही. तिच्यात कुत्रं जिवंत आहे, आज झोपलं आहे एवढंच. आणि ते तिथे आहे, आणि झोपलेलं आहे, हे कोणाला माहीत असतं? ज्याने जवळ जाऊन बघितलं आहे त्याला. ज्याला काही माहीतच नाही तो असं कशाला म्हणेल?

म्हणजे दर वेळी तू मला गप्प बसवायला ते वाक्य म्हणालास, आणि दर वेळी मला कळत गेलं की काहीतरी आहे.

आमची सून ऋता पुण्याची. बेळ्ळंदूरला तिचं ऑफिस आहे. जाण्यायेण्यातच तिचा जीव निम्मा होतो. गेल्या वर्षी एकदा ती घरून काम करत होती, तेव्हा तिला मी चहा देताना तुझ्या म्हणीबद्दल विचारलं. तुझं नाव घेतलं नाही.

"आई, हे कुठून सुचलं तुम्हाला?" तिने कानातला इयरफोन काढून ठेवला.

"असंच. कधी म्हणतात ते?"

"म्हणजे बघा, एखादा जुना इश्यू असतो. सध्या कोणाला त्रास देत नाहीये. पण उगाच ओपन केला तर सगळ्यांची वाट लागेल. तेव्हा म्हणायचं. आमचा मॅनेजर तर दर मीटिंगला म्हणतो."

"तो का म्हणतो?"

ऋता हसली. "कारण घोळ त्यानेच घातलेला असतो." मग घोटभर चहा पिऊन म्हणाली, "पण दर वेळी तसं नसतं हं. कधी कधी घोळ दुसऱ्याचा असतो आणि हा बिचारा त्याला सांभाळून घेत असतो."

मी पहिलं ऐकलं. दुसरं माझ्या कानावरून गेलं. संशयी माणसाला अर्धंच ऐकू येतं, आणि तेही आपल्याला हवं ते अर्धं.

तुझे उपकार मी विसरले असं समजू नकोस. माझ्या बाळंतपणात हे गावाला होते, तेव्हा दवाखान्याच्या फाटकाशी तू दिवसभर उभा होतास, बसायला बाक असूनही. मला एकटीने बसमध्ये बसायला तू शिकवलंस. पाटी वाचता आली नाही तर नंबर बघ, नंबर कळला नाही तर कंडक्टरला विचार, आणि विचारवलं नाही तर रडू नकोस, पुढच्या स्टॉपला उतरून मागे चालत ये, म्हणालास. आणि गौरी तू एकदाही चुकवली नाहीस. माहेरचं वाण भावाने आणायचं ही इथली रीत, तिला बागिन म्हणतात. ज्यांचे भाऊ याच गल्लीत राहतात तेही हल्ली फोनवरून पैसे टाकतात. तू आनेकलच्या बसने मार्केटला उतरून, दोन्ही हातांत सूप आडवं धरून, बांगड्या वाजू न देता चालत यायचास. सूप माझ्यासमोर ठेवायचास आणि विड्याच्या पानावर नोटा.

नोटा मोठ्या असायच्या. तुझ्या पगाराला न झेपणाऱ्या. आणि वर रुपया नसायचा.

बाबांचा नियम आपल्या दोघांनाही पाठ होता. आहेर द्यायचा तर वर एक रुपया ठेवायचा, म्हणजे येणंजाणं पुढे चालू राहतं. उधारी फेडायची तर वर काही ठेवायचं नाही, हिशेब तिथे बंद. दोऱ्याच्या व्यापाऱ्याला पैसे देताना चुकून रुपया जास्त गेला तर बाबा दुकानातून खाली उतरून तो परत मागून आणायचे. असल्या बापाचा मुलगा तू. तुला विसर पडेल?

एका गौरीला माझी धाकटी जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली, "इंदक्काचे अण्णा नोटांना दिलदार आणि रुपयाला कंजूष." सगळ्या हसल्या. मी तुझ्या पोळीवर तूप वाढत होते. हात तसाच राहिला, तूप ताटाबाहेर गेलं. कारण मला तेव्हा कळलं, हे वाण नाही. हा माणूस काहीतरी फेडतो आहे.

त्यानंतर दर गौरीला मी तुला पोटभर वाढलं आणि मनात विचारलं, काय फेडतो आहेस, अण्णा?

तोंडाने विचारलं ते गेल्या वर्षी. तू खंगला होतास. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती, ते बघून मला विचारू नये असं वाटलं, आणि आता नाही विचारलं तर कधीच नाही असंही वाटलं. तू पानावर नोटा ठेवल्यास. मी म्हटलं, "अण्णा, वर रुपया ठेव."

तू खिसा चाचपलास. "सुटे नाहीत गं."

मी आत गेले, डब्यातला रुपया आणून तुझ्यासमोर धरला. "हा घे. हा ठेव."

तू रुपयाकडे बघत राहिलास. हात पुढे केला नाहीस. "इंदे, लेट स्लीपिंग..."

"ते झोपलंय हे तुला कसं माहीत? तू बघितलंयस ना त्याला?"

पाठ न फिरवता तुला विचारलेलं ते माझं पहिलं वाक्य. आवाज एवढा लहान होता की तुला ऐकू गेलं नसेल असं मला वाटलं. पण गेलं. तू खाली बघितलंस आणि म्हणालास, "अजून थोडं राहिलंय."

"काय राहिलंय?"

"स्वल्प पाणी दे."

पाणी प्यालास, चपला घातल्यास आणि निघालास. तुझ्यासाठी केलेला चटणीपुडीचा डबा ओट्यावरच राहिला. मी खिडकीत गेले. माझं सासरही आपल्याच गल्लीतलं, म्हणून तोच कोपरा इथूनही दिसतो. कोपऱ्यावर तू थांबलास, बरोबर तिथेच, आणि मागे वळून आपल्या जुन्या दुकानाकडे बघितलंस. आता तिथे मोबाइलची दुरुस्ती चालते. मग रिक्षाखाली झोपलेल्या तांबड्या कुत्र्याला वळसा घालून तू गेलास. मला राग आला. म्हटलं, हे कुत्रंही तुझ्याच बाजूचं.

नंतर तू आलाच नाहीस. मी आजारपणात भेटायला आले तेव्हा खोलीत कोणी ना कोणी असायचं, आणि माणसांसमोर मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे. तू माझा हात धरून ठेवलास. मी तेव्हाही संशय घेतला, की हा हात प्रेमाने धरला आहे की मी विचारू नये म्हणून.

काल वहिनी आली. गौरी उद्या आहे. सणाच्या दिवशी ती यायची नाही, तिला आता तसं येता येत नाही, म्हणून आधीच आली. सूप नाही, बांगड्या नाहीत. कापडी पिशवीतून नुसतं एक पाकीट काढलं. आनेकलहून बसमध्ये उभ्याने आली होती. पायावर सूज होती.

"वहिनी, यंदा कशाला? दुःखाचं वर्ष आहे."

"त्यांनी सांगून ठेवलंय. हे पोचवल्याशिवाय मला झोप नाही. धर."

मी धरलं नाही. तिच्याकडे तोंड करून विचारलं, "हे कसले पैसे आहेत, वहिनी?"

तिने पदर तोंडावरून फिरवला. "फीचे," ती म्हणाली. "तुझ्या शाळेच्या फीचे. ते शाळेत गेलेच नव्हते. पैसे टायपिंगच्या क्लासात भरले. लग्न झालं त्याच वर्षी मला सांगितलं होतं. म्हणाले, इंदूला कळलं तर ती घेणार नाही, आणि तिने घेतलं नाही तर मी फेडू कसं?"

मला वाटायचं, हे कळलं की मी कोसळेन, नाहीतर ओरडेन. तसं काही झालं नाही. गॅसवर दूध होतं, ते बारीक केलं. एवढंच मनात आलं, की ज्या इंग्रजीत तू मला गप्प बसवलंस ती इंग्रजी माझ्या फीची होती.

"एवढी होती का फी?" मी विचारलं. "दर वर्षी देत होता तो."

"फी कसली, चार दिवसांच्या भाजीची. मी म्हणायची, अहो, सोन्याची शाळा होती काय ती? तर म्हणायचे, अजून राहिलंय. आता अंथरुणात म्हणाले, हे दिलं की पूर्ण झालं. सरी, बरं, म्हटलं, नेऊन देते."

मग मला राग आला, अण्णा. पूर्ण झालं हे कोणी ठरवलं? माझी पाचवी, सहावी, सातवी कितीला पडली ते तू कोणाला विचारलंस? बसच्या पाटीसमोर उभी राहून नंबर शोधते ती मी, आणि हिशेब मिटवणारा तू. मला विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, पैसे नकोत, एकदा पाठ न फिरवता सांग.

वहिनीला माझ्या तोंडावर ते दिसलं असणार. तिने माझं मनगट धरलं. "त्यांच्यावर राग धरू नकोस, इंदू. कोवळं पोर होते ते तेव्हा. त्या दिवशी कोपऱ्यावर मामंजींनी..."

ती थांबली. भिंतीवर बाबांचा फोटो आहे, गौरीसाठी सकाळीच पुसून हार घातला होता. तिची नजर तिथे गेली आणि परत खाली आली.

"काही नाही," ती म्हणाली. "होगली बिडु."

मी तोंड उघडलं होतं. अण्णा, एक शब्द विचारायचा होता. वहिनीने सांगितलंच असतं, तिच्या पोटात काही राहत नाही, इतकी वर्षं कसं राहिलं तेच नवल. मी तोंड मिटलं आणि तिला दूध दिलं.

बाबा गळ्यात टेप घालून चालत जातात, तुझ्या खांद्यावर हात ठेवतात, काहीतरी बोलतात. काल दुपारपासून ते बोलणं मला दोन तऱ्हांनी ऐकू येतं. आणि ऋता जे दुसरं अर्धं म्हणाली होती तेही आता ऐकू येतं. मास्तर बोलत असताना मशीन थांबलं नव्हतं, तेही. माझा संशय गेला असं नाही. संशय जात नाही, फक्त माणूस बदलतो. पण माझ्याकडे बाबांचं आहेच काय? मारलं नाही, लाडही केले नाहीत, चांगलं घर बघून दिलं. त्यांचं माझ्याजवळ एकच आहे, माझ्या शाळेसाठी ते कोपऱ्यापर्यंत गेले. तेवढं तू माझ्यासाठी राखून ठेवलंस का, आणि त्यापायी माझा सगळा संशय आयुष्यभर स्वतःच्या अंगावर घेतलास का? की मीच आता तुला देव करते आहे, कारण तू मेलास? मला कळत नाही. ज्याने उठवलं त्यालाच चावेल असं नाही, म्हणाला होतास. कोणाला चावेल म्हणून भीत होतास, ते मी तेव्हा विचारलं नाही.

आताही विचारणार नाही. तुझी म्हण कधी वापरायची ते मला काल कळलं. कुत्रं मीही बघितलं, जवळ जाऊन. आणि वळसा घालून आले.

वहिनीला बसमध्ये बसवून आले, नंबर बघूनच. राहिलेला तो चटणीपुडीचा डबा, नवी पूड भरून, तिच्या पिशवीत घातला. घरी येऊन पाकीट उघडलं. कोऱ्या नोटा, नेहमीसारख्या. सगळ्यांत वरच्या नोटेवर एक रुपया होता. हरवू नये म्हणून डिंकाने चिकटवलेला, वेडावाकडा. डिंक कडेने बाहेर आला होता आणि त्यावर तुझ्या बोटाचा ठसा वाळला होता.

बाबांच्या फोटोसमोर नोटा ठेवल्या. फी पूर्ण फिटली, अण्णा. देणं कोणाचं होतं ते असू दे. रुपया मात्र मी तिथे ठेवला नाही. तो नोटेवरून हलकेच सोडवून माझ्या डब्यात ठेवला आहे. तो तुझा आहे.